अर्धाच दाखवलेला खेळ

रविवारी सकाळी साडेनऊला मी गावात उतरलो, तेव्हा मराठी शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत रांग लागलेली होती. रांगेत म्हाताऱ्या होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, एरंडोलहून मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आलेले गडी होते, आणि निम्म्या लोकांनी मोबाइल उभे धरले होते. पारावर झेंडूच्या माळांनी मढवलेला एक छोटा लाकडी देव्हारा होता. त्यात कानबाईची तसबीर, तसबिरीपुढे पितळी दिवा, आणि दिव्यात ना तेल ना वात. दिव्याच्या दोन्ही अंगांना पितळेचे दोन पंजे बसवलेले. माणूस पुढे यायचा, दोन पंजांवर दोन हात ठेवायचा, आणि दिवा आपसूक लागायचा. मग बाया हात जोडायच्या, गडी जयजयकार करायचे, आणि देव्हाऱ्याला चिकटवलेल्या क्यूआर कोडपुढे कोणीतरी मोबाइल धरायचा. देवीलाही सुट्या पैशांची कटकट नको होती म्हणायचं.

"लेकरा, हात ठेव," देव्हाऱ्यामागून आवाज आला. "खऱ्याच्या रक्तात उजेड असतो, खोट्याच्या रक्तात अंधार. देवी तुझं रक्त वाचते."

ते ऐकलं आणि माझे पाय जागीच थांबले. हे वाक्य माझं होतं. धुळ्यात माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या धुरात बसून मी ते लिहिलं होतं. 'देवी तुझं रक्त वाचते' हे सुचल्यावर मी आणि मगन इतके हसलो होतो की माझी बायको प्रमिला आतून बघायला आली होती. आणि आता पारावर मगनच बसला होता. गळ्यात शाल, कपाळावर मळवट, डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

माझी ओळख सांगतो. मी रतिलाल. धुळ्यात एका सरकारी कचेरीत कारकून आहे, पण ते पोटासाठी. खरा जीव घरी बनवलेल्या यंत्रांत. पाण्याची टाकी भरली की ओरडणारी घंटी, दारात कोणी उभं राहिलं की आतला दिवा लावणारी पायपुसणी, असली कामं मी पंचवीस वर्षं करतोय. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं एक यंत्रही केलं होतं. ते शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजायचं, म्हणून आठवडाभर आमची डाळ कच्ची राहिली आणि प्रमिलाने ते माळ्यावर टाकलं. मगन मला धुळ्यातल्या सुट्या भागांच्या एका दुकानात भेटला. एकाच डब्यातले ट्रान्झिस्टर आम्ही दोघं निवडत होतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान याच गावात, आणि याच गावात माझी थोरली बहीण धुरपदा अक्का दिलेली. मग काय, दर सुटीला मी अक्काकडे येणार, मगन त्याची पेटी घेऊन ओट्यावर येणार, आणि अक्का आम्हा दोघांना जेवायला घालणार. वीस वर्षं तिने त्याला वाढलं. "मगन, कळण्याची भाकर घे अजून," म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी शाळाशाळांतून एक खेळ सुरू केला. पहिल्या अर्ध्या भागात मी बुवा व्हायचो. हाच देव्हारा, हाच दिवा, हेच पंजे. पोरं घाबरून हात ठेवायची, दिवा लागायचा, सगळे चूप. दुसऱ्या अर्ध्या भागात मगन पुढे यायचा, देव्हारा उलटा करायचा, मागची फळी काढायचा आणि विचारायचा, "मुलांनो, देवी बसली कुठे? नऊ व्होल्टच्या बॅटरीत." पोरं हसून लोळायची. मग आम्ही समजावून सांगायचो. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत साठ-सत्तर शाळा केल्या असतील, अक्काच्या गावातली तेवढी राहिली. गेल्या उन्हाळ्यात माझी पाठ धरली, म्हणून देव्हारा मगनकडेच ठेवला. मीच म्हणालो, असू दे तुझ्याकडे.

आणि आता तो खेळाचा पहिला अर्धा भाग करत होता. दुसरा करतच नव्हता.

मी रांगेत घुसलो नाही. आधी अक्काकडे गेलो, कारण मला बोलावलं होतं तिने. आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला होता. "रती, तू सकाळे ये," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

अक्का ओट्यावर बसलेली होती. तिच्या शेजारी पिठाचा डबा होता, झाकण लावलेला. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, देवी सजवतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक घराचे गहू दळून आणतात, ते पीठ एकत्र करून रोट करतात, आणि तो रोट भाऊबंदांशिवाय कोणाच्या तोंडी लागत नाही. मी सख्खा भाऊ, तरी मला नाही, कारण मी तिच्या माहेरचा. ज्याचं पीठ त्या परातीत पडतं तो त्या घराण्याचा. अक्काचं पीठ त्या परातीत एकेचाळीस वर्षं पडत होतं. नवरा गेला, मूल नव्हतं, तरी पीठ जात होतं. आज सकाळी ते डब्यासकट तिच्या ओट्यावर परत आणून ठेवलं होतं.

झालं होतं ते असं. देवीची सोन्याची नथ वर्षभर अक्काच्या घरी असायची. सासूने तिला सांभाळायला दिलेली. शुक्रवारी डबी उघडली तर आत नुसता कापूस. घराण्यात मोतीलाल आबा सगळ्यांत वडील, त्यांच्याकडे सगळे जमले, एकमेकांवर संशय, आवाज चढलेले. तेवढ्यात मगन म्हणाला की माझ्याकडे देवीचा सत्याचा दिवा आहे, एका साधूने दिलेला. शनिवारी सकाळी सगळ्या भाऊबंदांनी एकेक करून हात ठेवले. बासष्ट माणसं. सगळ्यांचा दिवा लागला. अक्काचा लागला नाही.

"तीनदा हात ठेवा मी," अक्का म्हणाली. "लागना नही. बठ्ठा लोके देखी ऱ्हायंतात." म्हणजे तीनदा हात ठेवूनही लागला नाही, आणि सगळे लोक बघत होते. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी वरीसभर डबी उघाडी नही, रती. तुले खरं वाटस ना?"

माझी बहीण. आई गेल्यावर मला हिने वाढवलं, आणि तिला मला हे विचारावं लागलं. मी म्हणालो, अक्का, हे विचारूच नकोस. मग मी तिचे हात हातात घेतले. तळवे जाड, कोरडे, खरखरीत. निंदणीचे हात. मी विचारलं, काल सकाळी हात ठेवण्याआधी तू काय करत होतीस? ती म्हणाली, काय करणार, देवीच्या समया आणि परात राखेने घासत होते, बोलावलं तसे हात पदराला पुसून गेले.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. कारण हे मला माहीत होतं, आणि मगनलाही. पारोळ्याकडच्या एका शाळेत खेळ चालू असताना तिथल्या गवंड्याने हात ठेवला होता आणि दिवा लागला नव्हता. सिमेंटने हात कोरडे ठणठणीत झालेले. पोरं ओरडली, काका खोटारडे. मी घाईघाईने त्याला ओल्या फडक्याने हात पुसायला लावले आणि दिवा लागला. त्या रात्री आमच्या वहीत मीच लिहिलं, 'कोरडे हात असतील तर आधी ओले करून घ्यावेत.' खाली मगनने स्वतःच्या हाताने रेघ ओढली होती.

मी अक्काला आणखी एक विचारलं. काल दिवा न लागलेलं दुसरं कोणी होतं का? ती म्हणाली, पितांबरचा लागला नव्हता पहिल्यांदा. पितांबर तिचा चुलत दीर, गवंडीकाम करतो, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. मगन त्याला म्हणाला, देवीला मळके हात चालत नाहीत, धुऊन ये. तो हात धुऊन आला आणि लागला.

"आणि तुला नाही सांगितलं धुवायला?"

"माले नही सांगं."

मी उठलो. डोक्यात नुसता जाळ होता. माणूस अडाणी असतो तेव्हा मला राग येत नाही, बोललं की समजतं. पण ज्याला माहीत आहे, ज्याने रेघ ओढली आहे, त्याचं काय करायचं?

मगन मला शाळेच्या मागे भेटला. 'महाराज' चहाला उठले होते. मला बघून आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसू गिळलं. मी त्याला एकच विचारलं, अक्काला हात का धुवायला लावले नाहीस. तो इकडेतिकडे बघत म्हणाला की नाना, हळू बोला. मला तो नानाच म्हणतो.

"बारा वर्षं पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी कोणी नाव विचारत नव्हतं. इथे काल मोतीलाल आबा माझ्या पाया पडले. मोतीलाल आबा, नाना. ज्यांनी मला कधी खाटेवर बसू दिलं नाही."

"मग पडू द्यायचे होते पाया. अक्काचं काय?"

"सगळ्यांचाच दिवा लागला असता तर नथ नेली कोणी? लोक म्हणाले असते दिवा कुचकामी. कोणीतरी निघायला हवं होतं."

"अक्काच का, मगन?"

तो खाली बघून म्हणाला, "तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं."

मला वाटलं होतं मी त्याला मारीन. हात उठलाच नाही. माझ्या बहिणीच्या हातची भाकर खाल्लेला माणूस, माझ्या टेबलावर बसून सोल्डरिंग शिकलेला माणूस, आणि त्याने हिशेबाने माझीच बहीण निवडली, कारण ती एकटी. चूक झाली असती तर समजलो असतो. हे ठरवून केलेलं होतं. मला त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण देव्हारा मी दिला होता, वाक्यं मी दिली होती, आणि कोरड्या हातांची युक्तीही मीच शिकवली होती.

"दोन दिवस उघडू नका, नाना," तो म्हणाला. "सोमवारी विसर्जन झालं की मीच सांगतो, देवीने अक्काला माफ केलं."

माफ. मी तिथून थेट पारावर गेलो.

रांग तशीच उभी होती. मोतीलाल आबा पारालगतच्या त्यांच्या ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढरं स्वच्छ धोतर, शब्दाला वजन. त्यांच्यामागे सुना संध्याकाळच्या नैवेद्यासाठी गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, चिरत बसल्या होत्या. मी खिशातून पेचकस काढला आणि म्हणालो, आबा, हा देव्हारा मी केलेला आहे, साधूबिधू कोणी नाही, आणि तो मी सगळ्यांसमोर उघडणार आहे. गलका झाला. दोघेतिघे अंगावर आले. आबांनी हात वर केला आणि विचारलं की तुझा कशावरून? मी म्हणालो, आत बॅटरी आहे आणि ती जांभळ्या कापडात गुंडाळलेली आहे, त्यावर पांढरे ठिपके. माझ्या बायकोच्या जुन्या पोलक्याचं कापड आहे. नसलं तर मला गावाबाहेर काढा.

चार पेच काढले, फळी उचकटली. जांभळं कापड, पांढरे ठिपके. बायांमध्ये खुसखुस झाली. देवीच्या पोटात धुळ्याचं पोलकं निघालं म्हटल्यावर होणारच.

मगनचं दुसऱ्या भागातलं काम मग मीच केलं. बॅटरी दाखवली, वायरी दाखवल्या. सांगितलं, हे वाटाण्याएवढे काळे दाणे म्हणजे ट्रान्झिस्टर. मोठ्या नळाला छोटी चावी असते ना, तसा हा. एका पंजातून अगदी चिमूटभर वीज निघते, तुमच्या अंगातून दुसऱ्या पंजात येते आणि ही चावी फिरवते. चावी फिरली की बॅटरीची वीज दिव्याला मिळते. अंगातून वीज जाते कारण हाताला ओल असते, घाम असतो. तळवा जाड असला, कोरडा असला, राखेने घासलेला असला, तर चिमूटभर वीजसुद्धा जात नाही. दिवा लागत नाही. रक्त कोणी वाचत नाही.

एक म्हातारा म्हणाला की असेल यंत्र, पण देवी यंत्रातून बोलत नसेल कशावरून? बऱ्याच माना हलल्या. खरं सांगतो, मला तेव्हा रडू येणार होतं. मग माझी नजर सुनांपुढच्या चिरलेल्या गंगाफळावर गेली. मी म्हणालो, वहिनी, एक लांब फोड द्या.

गंगाफळाची ती ओली फोड मी दोन्ही पंजांवर आडवी ठेवली आणि मगनच्या आवाजात विचारलं, "लेकरा, देवीची नथ तू नेलीस का?"

दिवा लागला. पिवळाधमक.

"बघा," मी म्हणालो, "गंगाफळ निर्दोष आहे. याच्या रक्तात उजेड आहे."

आधी एक पोरगी हसली, मग तिची आई, मग सगळी रांग. पितांबर तर गुडघ्यावर हात आपटून हसला. मग मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणालो, चुलीतली राख हाताला चोळ आणि हात पुसून ठेव. त्याने ठेवले. दिवा लागला नाही. हात धुऊन ठेवले, लागला. "पितांबर, दोन मिनिटांत तू चोर झालास आणि सुटलासही," मी म्हणालो. आता तो हसला नाही. त्याला काल हात धुवायला कोणी आणि का लावले, ते त्याला समजलं. तो मगनला शोधायला वळला, पण शालीसकट मगन कधीच निघून गेला होता.

हे सगळं चाललं असताना अक्का येऊन गर्दीच्या कडेला उभी होती. कोणाचं तरी लक्ष गेलं आणि चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, अक्काचे हात धुवा, अक्का ठेव हात, आता लागतो बघ तुझा दिवा. एकीने तांब्याही आणला. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला सांगू. सगळ्यांसमोर तिचा दिवा लागावा आणि त्यांनी तो बघावा.

अक्काने तांब्या परत केला. "मी हात लावाव नही," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

मी तिच्या मागे गेलो. थोड्या वेळाने मोतीलाल आबा स्वतः आले. ओट्याच्या पायरीवर बसले, खाटेवर नाही. आढेवेढे घेत म्हणाले की चूक झाली पोरी, तुझं पीठ दे, मी माझ्या हाताने परातीत टाकतो. अक्काने डबा उचलला, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं,

"आबा, गंगाफळ नसतं तं?"

आबा डबा घेऊन गेले. पीठ परातीत पडलं. देवीचं काय चुकलं होतं, असं अक्का म्हणाली. रोटाला मात्र ती गेली नाही. दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा तिने भूक नाही म्हणून सांगितलं आणि माझ्यासाठी खिचडी टाकली.

गावाचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण अक्काला तिथेच राहायचं आहे. मगन सध्या भुसावळकडे असतो म्हणतात. त्याचा फोन मी उचलत नाही. देव्हारा माझ्याकडे परत आहे. शाळांमधला खेळ मी एकट्यानेच पुन्हा सुरू केला आहे, पण आता दुसरा भाग आधी करतो. आधी फळी काढतो, मग दिवा लावतो. पोरांना गंमत कमी येते. येऊ दे.

वाचणारे मला पहिला प्रश्न विचारणार, मग नथ नेली कोणी? मला माहीत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, ते बघतील. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्या शनिवारी बासष्ट माणसांपैकी एकानेही उच्चारले असते, तर कोणाला दिव्यापुढे उभं राहावं लागलं नसतं. माहीत नसणं सहन होत नाही, म्हणून आपण दिवा विचारतो, नारळ विचारतो, अंगात आलेल्या बाईला विचारतो, आणि जे उत्तर येईल ते नेमकं त्याच्यावर पडतं ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. तेव्हा माझी हात जोडून विनंती एवढीच. उद्या तुमच्या गावात असं काही आलं, तर आधी त्याची मागची फळी काढायला सांगा. आणि फळी काढता येत नसेल, पेचकस नसेल, ट्रान्झिस्टर कशाशी खातात ते ठाऊक नसेल, तरी काही बिघडत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही एकेचाळीस वर्षं ओळखता, तेवढं आठवा आणि त्यालाच विचारा.